पुन्हा तेच ‘अनलेबल्ड बटन’!

दर दिवाळीआधी तेच! दादरच्या आमच्या फराळाच्या दुकानाची वेबसाइट जरा ‘फ्रेश’ करायला द्यावी, तर परत येताना वर्षभर जपलेलं सगळं पुसूनच येते. चकली, अनारसे, कडबोळी, प्रत्येक फोटोला मी रात्री जागून ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा, न दिसणाऱ्यांना ऐकू येणारा मजकूर) लिहिलं होतं. गायब. आमचे एक जुने गिऱ्हाईक पूर्ण अंध आहेत, टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) लावून ऑर्डर देतात. परवा त्यांचा फोन: “ताई, चिवडा कुठाय? मला नुसतं ‘अनलेबल्ड बटन’ ऐकू येतंय.” म्हणजे नाव नसलेलं बटण! इतकी लाज वाटली मला!

डेव्हलपरला विचारलं, तर म्हणे, “मॅडम, असे कस्टमर असतात किती?” अहो, एक असला तरी तो माझा आहे! आणि पांढऱ्यावर फिकट राखाडी किमती कशाला? साध्या मजकुराला किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) हवा, हे मी फराळवाली सांगू? माझ्या सासूबाईंनाही त्या किमती दिसत नाहीत.

वर कोपऱ्यात दिव्यांगांसाठी म्हणून एक विजेट (साइटवर बसवायचं तयार छोटं साधन) चिकटवून दिलं, म्हणे यानं सगळं भागतं. नाही भागत! बटणाला नावच नाही, तर विजेट वाचणार काय? दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आज रात्री पुन्हा बसायचंय. त्रेपन्न फोटो आहेत.