कार्डिनल ग्रेशस निवृत्त झाले, पण कार्डिनलपदावरून नव्हे

ग्रेशस यांच्या निवृत्तीवरच्या लेखात ‘ऑस्वल्ड ग्रेशस कार्डिनलपदावरून निवृत्त’ असं म्हटलंय, ते दुरुस्त करावं. जानेवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मंजूर केला तो मुंबईच्या आर्चबिशपपदाचा, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताच्या प्रमुखपदाचा, राजीनामा. कार्डिनल, म्हणजे पोपनी नेमलेले ज्येष्ठ सल्लागार, ते आजही आहेत. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) ४०१ व्या कलमानुसार पंचाहत्तरी पूर्ण होताच बिशपने पोपकडे राजीनामा द्यायचा असतो. तो कधी मंजूर करायचा हे पोप ठरवतात. ग्रेशस यांची पंचाहत्तरी डिसेंबर २०१९ मधली, म्हणजे पुढची पाच वर्षं पोपनी त्यांना थांबवून घेतलं. एवढा विश्वास फार थोड्यांच्या वाट्याला येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांना मुंबईचे कोअ‍ॅड्ज्युटर (वारसाहक्क असलेले सहायक आर्चबिशप) नेमलं, तेव्हाच उत्तराधिकारी ठरला होता, कारण जागा रिकामी होताच कोअ‍ॅड्ज्युटर आपोआप गादीवर येतो.

नवा पोप कार्डिनल निवडतात, त्या मतदानाचा नियम वेगळा. पोपपद रिक्त होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ज्यांची ऐंशी पूर्ण झालेली नाही, तेच मत देतात. कॉन्क्लेव्ह, म्हणजे ही निवड करणारी बैठक, कधी भरतं याला महत्त्व नाही. ग्रेशस यांना २४ डिसेंबर २०२४ रोजी ऐंशी पूर्ण झाली, पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले. जेमतेम चार महिन्यांनी मत हुकलं, याची हळहळ वाटते.