पन्नास रुपयांचं दुष्काळी अनुदान

पन्नासची ती नोट अजून माझ्या पाकिटात आहे. मोडवत नाही आणि टाकवतही नाही. आयुष्यभर दुष्काळी जिल्ह्यात राहून जे अनुदान कधी धड हातात पडलं नाही, ते शेवटी एका उंटवाल्याने दिलं. पंचनामा नाही, सातबारा नाही, जागेवर रोख.

झालं असं की डिसेंबरात आम्ही तिघं लातूरहून गाडी काढून जैसलमेरला निघालो. बीड, धुळे, सुरत, अहमदाबाद, बाडमेर, असा दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. निघताना व्यंकटच्या आईने वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन जार डिकीत ठेवायला लावले. "वाळवंटात चाललाव, तिथं कोन देतंय पाणी?" मावशींपुढे कोण बोलणार! जार डिकीत बसले आणि बॅगा आमच्या मांडीवर आल्या. धुळ्यापासून पुढे बालाजीची बॅग माझ्या मांडीवर होती, तिच्यात धपाटे आणि शेंगाची चटणी. चटणीची पिशवी सुरतेच्या अलीकडे फुटली. ती पँट मी आता घरातच घालतो.

जैसलमेरच्या हॉटेलात पोचल्यावर बालाजीने आधी नळ सोडून पाहिला. पाणी आलं. रात्री अकराला पाहिला, आलं. पहाटे चारला पाहिला, तरी आलं. "चोवीस तास हाय गा!" असं ओरडून त्याने आम्हाला उठवलं आणि सवयीने बादली, मग, थर्मास, शेवटी कचऱ्याचा डबा घासून तोही भरून ठेवला. सकाळी खोली झाडायला आलेल्या पोऱ्याने ती मांडणी पाहिली आणि हळूच दार ओढून घेतलं. मॅनेजर म्हणाला, हे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी. पंजाबात सतलज आणि बियास मिळतात, तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून निघतं आणि राज्य ओलांडून थरच्या वाळूत येतं. आमचं मांजरा धरण लातूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. मी विषय बदलला. किल्ला ११५६ सालचा, पिवळ्या दगडाचा, फार देखणा. बालाजीने तिथेही गाईडला फक्त विहिरीची खोली विचारली.

तर आता तो उंटवाला.

सम गावचे वाळूचे डोंगर शहरापासून चाळीसेक किलोमीटर. उंटावर बसायचे माणशी पाचशे. व्यंकटने घासाघीस करून पाहिली, उंटवाला हलला नाही. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढे कोसळलो, खोगिराची लाकडी खुंटी पोटात रुतली, आणि त्याच अवस्थेत खालून प्रश्न आला, "कहाँ से हो भाईसा?"

"लातूर. महाराष्ट्र."

उंट थांबला. म्हणजे त्याने थांबवला. "वो पानी की रेलवाला लातूर?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याने दोरी सोडून कपाळाला हात लावला. मग शीळ घालून शेजारच्या दोन उंटवाल्यांना बोलावलं, चहाच्या टपरीवरच्या पोराला बोलावलं. "लातूरवाले हैं," तो म्हणाला, आणि सगळे वर पाहू लागले. दवाखान्यात पेशंटकडे बघतात तसे. मी दहा फुटांवर, हात खुंटीला, उतरायची सोय नाही.

"मेरा साला कोटा के कारखाने में है," तो म्हणाला. "आपके डिब्बे उसी ने धोये थे."

डब्यांची गोष्ट खरी होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणी कोट्याला वाफेने धुऊन पाठवलेल्या होत्या. साल्याचं तोच जाणे. पण तो म्हणतो ते धरलं, तर याच्या बायकोच्या भावाने धुतलेल्या टाकीतलं पाणी आम्ही प्यालो होतो. सोयरीकच निघाली.

"बारिश कितनी होती है उधर?"

"सातशे-आठशे मिलिमीटर."

कोणी काही बोललं नाही. इकडे वर्षाला जेमतेम दोनशे. त्यावर हे लोक पाऊस यायच्या आधी अंगण झाडून उतार करतात, पाणी जमिनीखालच्या टांक्यात सोडतात आणि पुरवून पुरवून वापरतात. त्याने सरळच विचारलं, "फिर पानी जाता कहाँ है?"

व्यंकट बालाजीकडे बघू लागला. बालाजीचा सहा एकर ऊस आहे. तो एकदम उंटाच्या पापण्या निरखू लागला. "केवढ्या लांब हायेत बघ," म्हणाला.

उतरल्यावर मी पाचशेची नोट दिली. त्याने पन्नास परत केले, माझी मूठ मिटवली आणि म्हणाला, "पानी पी लेना."

दोघं नालायक वाळूत लोळून हसले. मलाही हसायला हवं होतं. पण माझ्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तोही रात्री दोनला. पट्टी मात्र वर्षाची भरायची. बोअर आठशे फूट, त्यातून हवा येते. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने शेतातली माती खरवडून नेली, नद्या घरात शिरल्या, टीव्हीवर बोटी दिसत होत्या, आणि तेव्हाही आमचा नळ कोरडाच! हे कोणत्या उंटवाल्याला समजावून सांगायचं आणि कोणत्या भाषेत?

मावशींचे जार तसेच परत आले, एकाचं तर सीलही फुटलं नव्हतं. मावशी म्हणाल्या, "बघ, कामाला आलं का न्हाई?" आणि त्याच पाण्याचा चहा टाकला. त्या दिवशी घरात तेवढंच होतं.

बालाजीने आगाऊपणा करून उंटवाल्याला माझा मोबाइल नंबर देऊन ठेवलाय. आठवड्यातून एकदा व्हॉट्सॲपवर उंटाचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, "भाईसा, पानी आया?" आज सकाळी परत आला. नळाचा आज नववा दिवस. मी "आ गया" लिहून पाठवलं आणि टँकरवाल्याला फोन लावला.