बिट लागला म्हणजे चिप गेली नाही

अंबड एमआयडीसीत बोर्डं दुरुस्त करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे चिप आपली स्थिती बिटांत दाखवते त्या आतल्या कप्प्यात, शून्याशिवाय काही दिसलं तर चिप गेली. एरर पुसूनही परत आली तर चिप डुप्लिकेट. डिबगरमध्ये (चालू चिपच्या आत डोकावायचं साधन) आकडा बदलतोय तर सोल्डर सुटलंय. शून्य आलं तर बिनधास्त. मला हा चौघांनी पाठवला. एकाने तर पाच चिप उपटून झाल्यावर!

पहिलं 'शून्याशिवाय'चं घ्या. एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर रीसेट केला, की त्याच्या यूएआरटीचं (एकेक बिट करून बाइट पाठवणारा-घेणारा भाग) एसआर, म्हणजे स्टेटस रजिस्टर, हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) 'सी०' दाखवतं. ते बिट ६ आणि ७: पाठवायचं काही शिल्लक नाही, एवढाच अर्थ. एरर खालच्या चार बिटांत असतात, ० ते ३.

पुसूनही परत येतं, कारण पुसलेलंच नसतं. ओव्हररनचा, म्हणजे आधीचा बाइट उचलायच्या आत पुढचा आल्याचा, बिट एसआरमध्ये शून्य लिहून उतरत नाही. आधी एसआर वाचायचं, मग डीआर (आलेला बाइट असतो ते डेटा रजिस्टर) वाचायचं, याच क्रमाने. आणि कारण तसंच ठेवलं तर तो पुन्हा चढणारच. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) साधारण ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो. तुमचा कोड तेवढ्यात डिस्प्लेवर अक्षरं काढत बसला असेल तर चिपने काय करावं?

डिबगरची गंमत सगळ्यात मोठी. रजिस्टरची खिडकी उघडी ठेवलीत की डिबगर स्वतःच एसआर आणि डीआर वाचतो, म्हणजे पुरावा पुसतो. उलट ब्रेकपॉइंटवर थांबलात तर समोरून बाइट येतच राहतात आणि ओव्हररन तुम्हीच तयार करता. मी कोडमध्येच एसआर एका व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवतो आणि नंतर निवांत बघतो.

आणि ते बिनधास्त शून्य? पेरिफेरलचा (चिपमधल्या यूएआरटीसारख्या भागाचा) क्लॉक चालू करायला विसरलात तरी शून्यच वाचलं जातं.

चिप खरंच खराब निघत नाही असं नाही, पण ती शंका शेवटची. निफाडकडच्या एका द्राक्षबागेतला ठिबकचा कंट्रोलर माझ्याकडे आला होता. डिसेंबरात रोज पहाटे फ्रेमिंग एरर (बाइटचा शेवट जागेवर न सापडणं), दहा वाजले की गायब. मालक म्हणाले, "भाऊ, थंडीने मेला बघा." चिप ॲटमेगा३२८पी, आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या ऑसिलेटरवर (क्लॉकचे ठोके देणारा भाग) चालवलेली. तो कारखान्यातूनच १० टक्क्यांपर्यंत चुकलेला असू शकतो, तापमानाने आणखी सरकतो. यूएआरटीला मात्र २ टक्क्यांच्या आत राहावं लागतं. चिप तीच ठेवली, अचूक ठोक्यांसाठी बाहेरून क्रिस्टल जोडला आणि फ्यूज (चिपमधली क्लॉक निवडायची सेटिंग) बदलले. त्यानंतरच्या पहाटेही थंडच होत्या, पण कंट्रोलर परत आला नाही.