देव छापणाऱ्यांनो, टाकायचं कुठे ते पण छापा की

दिवाळीची आवराआवर सगळ्यांकडेच असते, पण आमच्याकडे ती दरवर्षी एका ड्रॉवरपाशी येऊन अडकते. त्यात गणपती आहेत. मूर्ती नाही हो, लग्नपत्रिकांवरून कात्रीने कापलेले गणपती. पत्रिका रद्दीत, गणपती ड्रॉवरमध्ये, आणि ज्यांच्या लग्नातला तो गणपती त्यांची पोरं आता कॉलेजात. हल्ली तर दोन रेघा आणि एक टिंब एवढ्यात गणपती काढतात, मी बिनधास्त टाकायला जातो तोच मागून आई, "अरे थांब, सोंड आहे ना ती!" आणि एकदा सोंड दिसली की कार्यक्रम संपला, मग ती दिसलीच नाही असं म्हणायची सोय राहत नाही.

हे सगळं सुरू झालं छापखान्यापासून. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत प्रेस काढला, लक्ष्मी-सरस्वती भराभर छापल्या आणि ज्यांना देवळाची पायरीसुद्धा चढू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देव जाऊन बसला. फार मोठं काम, आपली काही तक्रार नाही. पण पुढे तोच देव भिंतीवरून उतरून कॅलेंडरवर, काड्यापेटीवर, तांदळाच्या पिशवीवर, उदबत्तीच्या पुड्यावर गेला आणि पुडा रिकामा झाल्यावर काय करायचं हे मात्र कुणी छापलं नाही. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव कुणा एकाचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. पटलं. फक्त नाव सगळ्यांचं आणि रिकामे पुडे तेवढे आमच्या माळ्यावर, हा कुठला न्याय?

लक्ष्मी बॉम्बचं तर मला लहानपणापासून कोडं आहे. ऐन दिवाळीत जिच्या चित्राच्या चिंध्या उडवायच्या, लक्ष्मीपूजनाला तिच्याचपुढे हात जोडायचे, आणि मधल्या वेळात त्या चिंध्या झाडायच्या कशाने तर केरसुणीने, जी आपल्याकडे स्वतःच लक्ष्मी! यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, आणि माझ्या पत्रिकेवर मात्र एवढं बारीक लक्ष.

भाच्याचा 'महाकाल' लिहिलेला टीशर्ट हे वेगळंच प्रकरण. मराठी घरात टीशर्टचा प्रवास ठरलेला असतो, आधी बाहेर घालायचा, मग घरात, मग झोपताना, मग होळीला, आणि शेवटी फरशी पुसायला. महादेव या लायनीत झोपण्यापाशीच अडकले. फरशीला आईने साफ नाही सांगितलं. बरीच चर्चा होऊन असं ठरलं की फडकं करा पण कमरेच्या वरचंच पुसायचं, त्यामुळे आता आमच्याकडे टीव्ही आणि फ्रिजचा वरचा भाग महाकाल पुसतात आणि खालच्या भागाला एका जुन्या बनियनची ड्यूटी आहे.

बिल्डिंगच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवल्यात, पान खाऊन थुंकू नये म्हणून. साईबाबा, दत्त, शेजारी येशू, मक्का, सर्वधर्मसमभाव एकदम. थुंकणारे भक्त असल्यामुळे ते टाइल सोडून बरोब्बर एक वीत बाजूला थुंकतात. लिफ्ट बंद असली की आई प्रत्येक टाइलपुढे थांबून हात जोडते, दुधाची पिशवी घेऊन मी मागे, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत आमची छोटी चारधाम यात्रा होते.

व्हॉट्सॲपवर तर रोज सकाळी तेहतीस कोटी येतात. मेमरी फुल्ल झाली, मी आईचा फोन घेऊन बसलो, सिलेक्ट ऑल केलं आणि ती म्हणाली, "स्वामींना राहू दे." स्वामींचेच सगळ्यात जास्त होते. शेवटी माझ्या वाढदिवसाचे फोटो डिलीट झाले.

यंदा एका सुशिक्षित नातेवाईकाने यावर उपाय म्हणून बियांच्या कागदाची पत्रिका पाठवली, गणपतीसकट कुंडीत पुरा, झाड येईल. मी आनंदाने पुरली. झेंडू आला, चांगला भरगच्च आला, आणि आई त्याची फुलं तोडू देत नाहीये. त्याच्यातच गणपती आहे म्हणे, त्याची फुलं त्यालाच कशी वाहायची?