साखर सोडल्याने पेशीतल्या साखळ्या तुटत नाहीत

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला हर्लर हा आनुवंशिक आजार आहे; त्यात शर्करांच्या लांब साखळ्या पेशींत साठत जातात. गेल्या आठवड्यात तिने त्याची फळेसुद्धा बंद केली आणि शिरेतून दिले जाणारे औषध थांबवावे का, असे मला विचारले. तिला तीन जणांनी पाठवलेल्या संदेशाचा दावा असा आहे: खाल्लेली साखर त्वचेच्या पेशींत लांब साखळ्या होऊन अडकते, हर्लरच्या मुलांत ती जास्त साठते, साखर सोडली की पेशी आपोआप स्वच्छ होतात, आणि हायलुरोनिक आम्लाच्या मलमातून पेशींना तयार साखळ्या मिळतात.

यातला सर्वांत घातक भाग साठण्याविषयीचा आहे आणि त्याचे उत्तर १९६८ सालीच मिळालेले आहे. जोसेफ फ्रॅटॅन्टोनी, क्लारा हॉल आणि एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी हर्लर व त्याच्यासारख्याच हंटर या आजारांच्या रुग्णांच्या त्वचेतील फायब्रोब्लास्ट (त्वचेचे धागे बनवणाऱ्या) पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि किरणोत्सारी सल्फेट देऊन साखळ्यांचा माग काढला. या पेशी साखळ्या जास्त बनवत नव्हत्या. बनलेल्या साखळ्या त्यांना मोडता येत नव्हत्या. पुढे त्यांनी दोन्ही आजारांच्या पेशी एकत्र वाढवल्या, तेव्हा दोन्हींतला साठा कमी झाला, कारण एकीत नसलेला घटक दुसरीतून मिळत होता. हा घटक म्हणजे साखळी मोडणारे विकर (एन्झाइम), हे नंतर स्पष्ट झाले. हर्लरमध्ये आयड्युरोनिडेज नावाचे विकर नसते. पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात ग्लुकोज असतेच, तरीही साठा ओसरला. हेच विकर त्या मुलाला शिरेतून दिले जाते आणि संदेश नेमके तेच अनावश्यक ठरवतो, याचा मला मनस्वी संताप येतो.

साखळ्यांचा कच्चा माल ग्लुकोजपासून बनतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण जेवणात साखर नसली तरी यकृत रक्तातले ग्लुकोज टिकवून ठेवते, आणि कोणती साखळी किती बनेल हे पेशीतली विकरे ठरवतात. हर्लरमध्ये साठणाऱ्या डर्माटन सल्फेटची साखळी पेशीतल्या गॉल्जी यंत्रणेत एका प्रथिनावर झायलोज या शर्करेपासून सुरू होते, एकेक शर्करा जोडत वाढते, आणि मग तिच्यातल्या ग्लुकुरोनिक आम्ल या शर्करेच्या काही कड्यांचे आयड्युरोनिक आम्लात रूपांतर होते. हायलुरोनान (म्हणजेच हायलुरोनिक आम्ल) मात्र पेशीच्या पटलातच विणले जाऊन थेट बाहेर सोडले जाते. मधुमेहात वाढलेले ग्लुकोज कोलॅजेन या त्वचेतल्या प्रथिनाला चिकटते हेही खरे, पण ती विकरांशिवाय होणारी वेगळी प्रक्रिया आहे आणि हर्लरशी तिचा संबंध नाही.

मलमाबद्दल एवढेच, की हायलुरोनानच्या लांब साखळ्या त्वचेच्या वरच्या थरावर ओलावा धरून ठेवतात. पेशी आपल्या साखळ्या त्यांपासून विणत नाहीत.

बहिणीला मी कालच सांगितले आहे की मुलाची फळे पुन्हा सुरू कर, आणि दर आठवड्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदाही चुकवू नकोस.