केक्स द किलाचं रॅप ‘खरं हिपहॉप नाही’ म्हणे

एक पोस्ट सध्या जाम फिरतेय. केक्स द किलासारखे गे रॅपर हाऊसच्या, म्हणजे क्लबमध्ये नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या, बीटवर रॅप करतात ते खरं हिपहॉप नाही, हे फॅड आत्ताचं आहे, रॅप जमत नाही म्हणून क्लबच्या दणदणाटामागे लपतात, आणि गे असल्यामुळे आयती प्रसिद्धी मिळते. हिपहॉप जिवापाड आवडणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

फॅड आत्ताचं? १९८२ चं आफ्रिका बम्बाटाचं हिपहॉप गाणं ‘प्लॅनेट रॉक’ ऐका, त्याची धूनच क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडवरून घेतलीये आणि ताल ८०८ ड्रम मशीनचा. १९८८ ला जंगल ब्रदर्स या रॅप ग्रुपने टॉड टेरी या निर्मात्याच्या हाऊस ट्रॅकवर रॅप केलं, त्याला हिप-हाऊस म्हणायचे, केक्स तेच पुढे नेतोय. आणि मुळात हाऊस आलं कुठून तर शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमधून, जिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचा आणि नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे लोक होते, म्हणजे केक्स दुसऱ्याच्या घरात घुसलेला नाहीये.

आता ‘लपतात’ हा मुद्दा, तो तर मला अजिबातच पटत नाही. नव्वद बीपीएमच्या (मिनिटाला नव्वद ठोके) नेहमीच्या बीटवर एका बारला, म्हणजे चार ठोक्यांना, अडीच सेकंदांहून जास्त वेळ मिळतो, हाऊसच्या १२५ ला जेमतेम १.९, त्यात सोळा अक्षरं बसवायची म्हणजे सेकंदाला आठ, मग श्वास घ्यायचा कधी? शिवाय हाऊसमध्ये किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, चारही ठोक्यांवर सरळ पडते, त्यामुळे शब्द जरा मागे रेंगाळला की लगेच उघडा पडतो. केक्सचं २०२० चं ‘मुवालँड’ लावा आणि त्यातलं एक कडवं त्याच्याबरोबर म्हणून बघा, माझा दम दुसऱ्या ओळीलाच संपला.

आयती प्रसिद्धी म्हणाल तर न्यू ऑर्लिन्समध्ये केटी रेड ही ट्रान्स रॅपर बाऊन्स म्युझिक (तिथलंच नाचायचं हिपहॉप) करत होती, तिचा अल्बम १९९९ चा, तेव्हा कुठलं आलंय फॅड! तिच्याच मागून आली बाऊन्सचीच बिग फ्रीडिया. ड्रेकचं २०१८ चं ‘नाइस फॉर व्हॉट’ आणि बियॉन्सेचं २०२२ चं ‘ब्रेक माय सोल’, दोन्हीत फ्रीडियाचाच आवाज आहे. ही पोस्ट शेअर करणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्यावर नाचले असतील, तो आवाज कुणाचा हे मात्र कुणी विचारलं नाही.