दुर्बिणीला बायोप्सीची जोड हवीच

केवळ एंडोस्कोपीतील (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीतील) चित्रावरून जीवाणूजन्य जठरदाह आणि जठराचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) वेगळे ओळखता येतात, हे एका लेखातील प्रतिपादन मला अर्धेच पटले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूच्या संसर्गात जठराचे अस्तर सर्वत्र लालसर होते, घड्या सुजतात आणि, विशेषतः तरुण रुग्णांत, जठराच्या खालच्या भागात अंगावर काटा यावा तसे बारीक उंचवटे उठतात. माल्ट लिम्फोमात (अस्तरातील लसिका ऊतीत उद्भवणाऱ्या लिम्फोमात) मात्र एखादा फिकट चट्टा, उथळ व्रण किंवा जाड झालेल्या घड्या आढळतात, आणि निळ्या-हिरव्या प्रकाशात मोठे करून पाहिल्यास ग्रंथींची नक्षी पुसली जाऊन झाडाच्या फांद्यांसारख्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या तेवढ्या उरलेल्या दिसू शकतात. पण हा लिम्फोमा बहुधा त्याच संसर्गातून उद्भवत असल्याने दोन्ही चित्रे एकाच जठरात शेजारीशेजारी असू शकतात. म्हणून चट्ट्यातून आणि निरोगी दिसणाऱ्या भागांतूनही बायोप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी, अनेक तुकडे घ्यायलाच हवेत. (आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जीवाणू असूनही तपासणीत न सापडण्याची शक्यता असते, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.)

केवळ प्रतिजैविकांनी जीवाणू नष्ट केल्यावर असा लिम्फोमा ओसरू शकतो, हे १९९३ मध्ये दिसून आले. मात्र लिम्फोमाच्या पेशींतील ११व्या आणि १८व्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झाली असेल, तर हा उपचार सहसा पुरेसा पडत नाही. शिवाय ओसरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे पहिल्याच फेरतपासणीत लिम्फोमाच्या पेशी उरलेल्या दिसल्या म्हणून लगेच केमोथेरपीकडे वळण्याची घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.